वाचक विचारतात : उपग्रहाला पुन्हा पुन्हा ढकलावं का लागतं?

मागच्या अंकात ‘भूस्थिर उपग्रहाचं आयुष्य त्याच्या टाकीतल्या इंधनावर ठरतं’ असं एक वाक्य मी जाता जाता लिहिलं आणि त्यावर पत्रांचा ढीग पडला. माझी सगळी नोकरी उपग्रह नियंत्रण केंद्रात, कक्षेच्या हिशोबाच्या टेबलावर गेली. त्यामुळे या विषयावर मला बोलतं करायला फार जोर लागत नाही, थांबवायलाच लागतो. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काहींना दोनच ओळींत निरोप दिला आहे.

प्रश्न : अवकाशात हवा नाही, घर्षण नाही. योग्य वेगाने कक्षेत सोडलेला उपग्रह न्यूटनच्या नियमांप्रमाणे फिरतच राहायला हवा. मी वर्गात कायम हेच शिकवत आलो. मग थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिनं, हवीत कशाला? — एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

सर, तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे. नुसतं फिरत राहायला भूस्थिर उपग्रहाला इंधन लागत नाही. तो पडत नाही आणि थांबतही नाही. आपण नेमून दिलेल्या जागेवर मात्र तो राहत नाही, एवढीच अडचण. पाठ्यपुस्तकातली पृथ्वी गुळगुळीत गोल असते आणि विश्वात एकटीच असते. खऱ्या पृथ्वीला शेजारी आहेत आणि तिचा आकारही ओबडधोबड आहे.

आधी ‘जागा’ म्हणजे काय ते पाहू. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असते. तिथे उपग्रह सेकंदाला ३.०७ किलोमीटर वेगाने धावतो आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. पृथ्वीलाही स्वतःभोवती एक फेरी मारायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून जमिनीवरून तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो. दूरसंचार उपग्रहाने आपल्या रेखांशापासून ०.१ अंशापेक्षा जास्त इकडेतिकडे जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. बरेच चालक, म्हणजे उपग्रह चालवणाऱ्या संस्था, त्याहून कडक, दोन्ही बाजूंना ०.०५ अंशाची चौकट पाळतात. आम्ही तिला ‘बॉक्स’ म्हणतो. कागदावर हे फार बारीक वाटतं, पण त्या उंचीवर ०.१ अंश म्हणजे जवळजवळ ७४ किलोमीटर. तेव्हा ‘एका जागी’ असलेला उपग्रह एवढ्या रुंद बॉक्समध्ये सतत हलत असतो. आमचं काम त्याला हलू न देण्याचं नव्हतंच. बॉक्सच्या बाहेर जाऊ न देण्याचं होतं.

बाहेर ओढणाऱ्यांत सगळ्यात भारी पडतात चंद्र आणि सूर्य. दोघेही विषुववृत्ताच्या पातळीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या ओढीने उपग्रहाच्या कक्षेची पातळीच हळूहळू कलंडते. वर्षाला साधारण पाऊण ते ०.९५ अंश. कमी की जास्त, ते त्या वर्षी चंद्राची कक्षा कशी झुकलेली आहे त्यावर ठरतं. काहीच केलं नाही तर सव्वीस-सत्तावीस वर्षांत हा कल १५ अंशांपर्यंत जातो आणि तेवढ्याच वर्षांत परत शून्याकडे येतो. कक्षा कलली की जमिनीवरून उपग्रह रोज एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला जाताना दिसतो.

ही कललेली पातळी सरळ करायला वर्षाला सेकंदामागे ४० ते ५० मीटर इतका वेग थ्रस्टरने द्यावा लागतो. सेकंदाला तीन किलोमीटर धावणाऱ्या वस्तूपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण खरा खर्च इथेच होतो. दोन टनांचा उपग्रह आणि नेहमीचं रासायनिक इंधन धरलं, तर वर्षाला सुमारे ३५ किलो इंधन केवळ या उत्तर-दक्षिण दुरुस्तीत जातं. दुसरा त्रास पृथ्वीच्या ओबडधोबड आकाराचा. त्याने उपग्रह पूर्व-पश्चिम सरकतो; कसा, ते पुढच्या उत्तरात येईल. त्या पूर्व-पश्चिम दुरुस्तीला वर्षाला फार तर सेकंदामागे दोन मीटर लागतात. म्हणजे खर्चाच्या वहीत नव्वद टक्क्यांहून मोठा रकाना चंद्र-सूर्याच्या नावावर!

तिसरा त्रास सूर्यप्रकाशाचा. प्रकाशाचा दाब असतो. पूर्ण शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे साधारण ४.५ मायक्रोन्यूटन. तळहातावर तो जाणवणार नाही, पण उपग्रहाचे सौर पंख लांबच लांब पसरलेले असतात आणि हा दाब रात्रंदिवस चालू असतो. त्याने गोल कक्षा थोडी लंबगोल होते आणि मग उपग्रह रोज थोडा पुढे, थोडा मागे झुलतो.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. थ्रस्टर ठरावीक वेळ चालवण्याला आम्ही ‘बर्न’ म्हणतो. उत्तर-दक्षिणेचा बर्न उपग्रह विषुववृत्ताची पातळी ओलांडत असतानाच करायचा. दुसरीकडे केला तर इंधन जातं आणि कल तसाच राहतो, फक्त त्याची दिशा फिरते. पातळी ओलांडण्याची ही जागा ताऱ्यांच्या हिशोबाने जवळजवळ ठरलेली असते, त्यामुळे बर्नची वेळ रोज चार मिनिटं, म्हणजे महिन्याला दोन तास अलीकडे येते. वर्षातले काही महिने आम्ही ऐन मध्यरात्री बर्न करायचो, ते याच कारणाने. अधिकाऱ्यांना हौस होती म्हणून नाही.

दोन आठवड्यांतून एकदा सेकंदामागे दोन मीटर, असं धरा. दोन टनांच्या उपग्रहाला १० न्यूटनचे दोन थ्रस्टर हे काम २०० सेकंदांत करतात. सव्वातीन मिनिटं! पण त्यापुढचा दिवस आम्हाला शांत बसू द्यायचा नाही. थ्रस्टरची दिशा एका अंशाने जरी चुकीची असली, तरी दोन मीटरपैकी साडेतीन सेंटिमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सांडतात. एवढ्याने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. एवढ्याने उपग्रह दिवसाला नऊ किलोमीटर सरकायला लागतो. म्हणून मोठ्या बर्ननंतर लगेच अंतर मोजत बसायचं, नवी कक्षा काढायची आणि सांडलेलं दुसऱ्या एका छोट्या बर्नने भरून काढायचं.

प्रश्न : उपग्रह पूर्वेला सरकला तर त्याला पश्चिमेकडे ढकलायचं, इतकं सोपं असतं का? — अकरावीतली एक वाचक

नाही गं, आणि तू ‘असतं का’ असं विचारलंस म्हणून मला बरं वाटलं. बहुतेक जण हे गृहीतच धरतात.

उपग्रह पूर्वेकडे धावतोय. पूर्वेला सरकला म्हणजे आपल्या जागेच्या पुढे गेला. त्याला मागे आणायचं तर आणखी पूर्वेकडेच ढकलायचं! वेग वाढला की कक्षा मोठी होते, उपग्रह वर जातो आणि मोठ्या कक्षेत फेरीला जास्त वेळ लागतो. तो खालच्या पृथ्वीच्या मागे पडतो, म्हणजे पश्चिमेला सरकतो. उलट, पुढे न्यायचा असेल तर ब्रेक लावायचा.

आकडे बघ. भूस्थिर उपग्रहाला सेकंदामागे फक्त ३.६ सेंटिमीटर जादा वेग दिला, तर त्याची कक्षा सरासरी एक किलोमीटरने वर जाते. आणि एक किलोमीटर वर गेलेला उपग्रह प्रत्येक फेरीत सुमारे ९.४ किलोमीटर मागे पडतो. वर सरांना सांगितलेले साडेतीन सेंटिमीटर आणि नऊ किलोमीटर हेच.

हे भल्याभल्यांना चकवतं. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानात जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. ते निष्णात वैमानिक होते, त्यामुळे विमानात करतात तसं त्यांनी यानाचं नाक टप्प्याकडे धरलं आणि थ्रस्टर सोडला. टप्पा जवळ यायचं नाव घेईना. इंधन उधळलं जायला लागलं तेव्हा प्रयत्न सोडून द्यावा लागला. कक्षेत ‘तिकडे जायचं तर तिकडे ढकला’ हा नियम चालत नाही, हे त्या दिवशी सगळ्या जगासमोर झालं.

आता यातलीच एक गंमत. आपल्या पृथ्वीचं विषुववृत्त अचूक वर्तुळ नाही. त्याची लांब आणि आखूड त्रिज्या यांत साधारण ७० मीटरचा फरक आहे. एक फुगवटा पश्चिम रेखांश १५ अंशांच्या आसपास आणि दुसरा त्याच्या बरोबर पलीकडे. फुगवट्याची ओढ जास्त, तेव्हा उपग्रह त्याच्याकडे जायला हवेत ना? होतं उलट! फुगवटा पुढे असेल तर तो उपग्रहाला पुढे ओढतो, वेग मिळतो, कक्षा वर जाते आणि उपग्रह मागे पडतो. म्हणजे ज्याच्याकडे ओढला गेला त्याच्यापासूनच दूर जातो. शेवटी सगळे जमतात दोन फुगवट्यांच्या मधल्या जागी, पूर्व रेखांश ७५ आणि पश्चिम रेखांश १०५ अंशांजवळ. वाटीच्या तळाशी गोटी हिंदकळावी तसे नियंत्रण सुटलेले उपग्रह या दोन जागांभोवती वर्षानुवर्षं हेलकावत असतात. छोटा हेलकावा पुरा व्हायला सव्वादोन वर्षं लागतात.

इस्रोच्या उपग्रहांसाठी वापरात असलेली ७४ अंश पूर्व ही जागा यातल्या एका तळाला अगदी खेटून आहे, त्यामुळे तिथे पूर्व-पश्चिमेचा खर्च जवळजवळ शून्य. ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाला मात्र निसर्ग सतत पश्चिमेकडे, ७५च्या दिशेने नेऊ बघतो. त्याच्याशी भांडायचं नसतं. उपग्रह बॉक्सच्या पश्चिम कडेला आला की त्याला किंचित ब्रेक लावायचा. तो पूर्वेला निघतो, हळूहळू मंदावतो, पूर्व कडेच्या अलीकडे आपोआप वळतो आणि परत पश्चिम कडेला येतो. एवढ्यात दोन-चार आठवडे जातात. त्या वेळात थ्रस्टरला हात लावायची गरज नसते. कुठे आणि केव्हा ढकलायचं हे नेमकं कळलं, की ढकलायचं फार कमी उरतं. गणिताचा कंटाळा येत नसेल तर पुढे या क्षेत्राचा विचार कर.

प्रश्न : मी डिश बसवायचं काम करतो. काही जुन्या उपग्रहांचा सिग्नल दिवसातून दोनदा उत्तम येतो आणि मधे पडतो. डिश हललेली नसते. हे कशामुळे? — एक तंत्रज्ञ

निदान तुम्ही स्वतःच जवळजवळ केलंय. डिश हलली नाही, उपग्रह हलतोय. इंधन संपत आलं की चालक पहिली काटकसर उत्तर-दक्षिण दुरुस्तीत करतात, कारण सगळा खर्च तिथे असतो. पूर्व-पश्चिम मात्र सोडता येत नाही. शेजारच्याच्या बॉक्समध्ये घुसून चालत नाही. मग उपग्रहाचा कल दरवर्षी वाढत जातो आणि तो आकाशात रोज एक उभा, सडपातळ इंग्रजी आठ काढतो. दिवसातून दोनदा तो मधल्या बिंदूवरून जातो. तुमची डिश त्या बिंदूकडे रोखलेली आहे, म्हणून सिग्नल दोनदा उत्तम.

६० सेंटिमीटरच्या डिशचा केयू बँडमधला (घरच्या टीव्ही डिशच्या लहरींचा पट्टा) झोत सुमारे तीन अंश रुंद असतो, म्हणजे मध्यापासून दीड अंशावर सिग्नल निम्मा होतो. दुरुस्ती थांबवून दोन वर्षं झाली की त्रास दिसायला लागणारच. मोठी डिश लावली तर तो आणखी वाढतो, कारण तिचा झोत अरुंद असतो. उपाय एकच, उपग्रहामागे फिरणारी डिश. असे उपग्रह म्हणून तर जहाजांना किंवा मोठ्या केंद्रांना सेवा देतात. त्यांच्याकडे फिरत्या डिश असतातच. माझं मत विचाराल तर ही काटकसर शहाणपणाची आहे. उत्तर-दक्षिण दुरुस्तीला एका वर्षात जेवढं इंधन लागतं, तेवढ्यात नुसती पूर्व-पश्चिम दुरुस्ती वीस-पंचवीस वर्षं सहज होईल.

प्रश्न : टाकीत किती इंधन उरलं हे जमिनीवरून कसं कळतं? गाडीसारखा काटा असतो का? — तिघांनी विचारलं आहे

या तिघांचे मी विशेष आभार मानतो. उपग्रहाच्या धंद्यातला हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रश्न आहे.

काटा असूच शकत नाही, कारण तिथे इंधन तळाशी बसत नाही. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या भिंतींना धरून राहतो आणि कुठेही गोळा होतो. थ्रस्टरकडे वायू न जाता द्रवच जावा म्हणून टाकीत पातळ धातूची पाती बसवतात; पृष्ठताणामुळे द्रव त्या पात्यांवरून तोंडापर्यंत येतो. पण उरलंय किती, हे पाती सांगत नाहीत.

मग तीन मार्ग. पहिला, हिशोबाची वही. थ्रस्टर किती वेळ उघडला गुणिले सेकंदाला किती इंधन जातं, आणि ते सुरुवातीच्या आकड्यातून वजा. चूक प्रत्येक वेळी थोडी आणि साठत जाते. सुरुवातीला दीड टन इंधन भरलं असेल आणि प्रवाहाच्या आकड्यात एक टक्का घोळ असेल, तर शेवटी १५ किलोंचा फरक. वर्षाला ३५ किलोंच्या हिशोबाने हे पाच महिन्यांचं आयुष्य झालं. दुसरा मार्ग हेलियमचा दाब. टाकीत इंधनाला दाबून धरायला हेलियम असतो. त्याचा दाब आणि तापमान मोजून त्याने व्यापलेली जागा काढायची. उरलेली जागा इंधनाची. हा मार्ग टाकी भरलेली असताना छान चालतो. नेमकं शेवटी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा टाकीत जवळजवळ सगळा हेलियमच असतो आणि एखादा किलो इंधन गेल्याने दाबात जो फरक पडतो तो मोजयंत्राला ओळखता येत नाही. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. टाकीवरचा हीटर चालू करायचा आणि टाकी किती वेगाने तापते ते बघायचं. भरलेली सावकाश तापते, रिकामी झटकन. एवढ्या अवाढव्य यंत्रणेत शेवटी चिमटीभर तापमानाच्या आलेखावर डोळे लावून बसायचं!

तिन्ही मार्गांची उत्तरं एक आली, असं मी क्वचितच पाहिलं. एका उपग्रहाच्या अखेरीला वही सांगत होती एक वर्ष उरलंय आणि हीटर सांगत होता काही महिनेच. बैठकीत व्यवसाय बघणारे वहीच्या बाजूने आणि आम्ही हीटरच्या. दोन्ही पक्षांना आपापला आकडा सोयीचा होता, हेही खरं.

एवढा वाद होतो, कारण शेवटचे काही किलो राखून ठेवायचे असतात. काम संपलेला भूस्थिर उपग्रह साधारण ३०० किलोमीटर वर, स्मशानकक्षेत नेऊन ठेवायचा हा सर्वमान्य संकेत आहे. त्याला सेकंदामागे ११ मीटर लागतात, म्हणजे उत्तर-दक्षिण दुरुस्तीच्या अडीच-पावणेतीन महिन्यांचं इंधन. चालकाला तेवढे महिने उत्पन्न सोडावं लागतं. न सोडणारेही होऊन गेलेत. त्यांचे उपग्रह आज मघाच्या दोन तळांभोवती हेलकावे घेतायत.

इंधन वेळेआधी संपण्याचं उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा पहिला इन्सॅट. त्याची दिशा-स्थिती सांभाळणारं इंधन संपलं आणि सप्टेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला. बाकीचा उपग्रह धड असला तरी अशा वेळी काही करता येत नाही. अँटेना पृथ्वीकडे रोखलेलीच राहत नाही.

प्रश्न : आता विजेवर चालणारे थ्रस्टर आलेत. सौर पंखांपासून वीज फुकट मिळते, मग इंधनाचा प्रश्न सुटलाच की! — एक अभियंता

अर्धाच सुटला. विजेच्या थ्रस्टरलाही बाहेर फेकायला काहीतरी लागतं; बहुधा झेनॉन वायू, काही ठिकाणी क्रिप्टॉन किंवा अरगॉन. फरक फेकण्याच्या वेगात आहे. रासायनिक थ्रस्टरमधून वायू सेकंदाला तीनेक किलोमीटर वेगाने निघतो, हॉल थ्रस्टर या विजेच्या प्रकारातून पंधरा-सोळा. जितक्या वेगाने फेकाल तितकं कमी फेकावं लागतं. म्हणून मघाच्या ३५ किलोंच्या जागी सहा-सात किलो झेनॉन पुरतो.

किंमत वेळात मोजायची. एसपीटी-१०० हा रशियन बनावटीचा नावाजलेला थ्रस्टर १,३५० वॉट वीज खातो आणि ८३ मिलिन्यूटन जोर देतो, म्हणजे आठ-साडेआठ ग्रॅम वजनाएवढा. सव्वातीन मिनिटांच्या बर्नला त्याला तेरा-साडेतेरा तास लागतील. पण एवढा लांब बर्न सगळाच योग्य जागी पडणार नाही, म्हणून तो रोज तासभर चालवतात. पंधरवड्यातून एकदाच्या रात्रपाळीऐवजी रोजचं काम. आपल्याकडे ५ मे २०१७ला सोडलेल्या जीसॅट-९ वर इस्रोने विद्युत प्रणोदन बसवलं होतं.

या चिमुकल्या जोराची ताकद बघायची तर युरोपच्या आर्टेमिस उपग्रहाची गोष्ट ऐका. जुलै २००१ मध्ये एरियन-५ रॉकेटच्या वरच्या टप्प्याने दगा दिला आणि उपग्रह फार खालच्या कक्षेत सुटला. रासायनिक इंधन वापरून त्याला ३१,००० किलोमीटरपर्यंत चढवलं. उरलेले पाच हजार किलोमीटर? उत्तर-दक्षिण दुरुस्तीसाठी बसवलेले, जेमतेम १५ मिलिन्यूटनचे, विजेवर चालणारे आयन थ्रस्टर त्या कामाला लावले. मुळात ते कक्षा चढवण्यासाठी नव्हतेच. नवं सॉफ्टवेअर जमिनीवरून पाठवावं लागलं. उपग्रह दिवसाला साधारण १५ किलोमीटर चढत राहिला आणि ३१ जानेवारी २००३ला आपल्या जागी पोचला. आमच्या धंद्यात चिकाटी कशाला म्हणतात ते विचाराल, तर मी हेच उदाहरण देतो.

प्रश्न : खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचं काय?

तिथे सरांचं ‘हवा नाही’ हेसुद्धा खरं नाही. ४०० किलोमीटरवर विरळ का होईना, वातावरण आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्यामुळे सतत खाली येतं आणि त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं. सूर्य खवळला की वरचं वातावरण फुगतं आणि अडथळा वाढतो. अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक ११ जुलै १९७९ला अपेक्षेच्या आधी पडलं ते यामुळे. आणि ३ फेब्रुवारी २०२२ला सोडलेले ४९ स्टारलिंक उपग्रह भूचुंबकीय वादळात सापडले. ते २१० किलोमीटरवर होते; थ्रस्टर लावून वर चढायच्या आत जवळजवळ चाळीस जळून गेले.

याच्या उलट टोकाला युरोपचा गोसे उपग्रह. गुरुत्वाकर्षण मोजायला तो २००९ पासून मुद्दाम २५५ किलोमीटरवर ठेवला होता. त्याचा झेनॉन थ्रस्टर अडथळ्याएवढाच जोर क्षणोक्षणी कमी-जास्त करत लावत राहायचा. २१ ऑक्टोबर २०१३ला इंधन संपलं आणि ११ नोव्हेंबरला उपग्रह कोसळला. तीन आठवडे!

प्रश्न : चाकं फिरवून उपग्रह वळवता येतो असं वाचलं. मग चाकांनीच जागेवर का आणत नाहीत?

उपग्रहाच्या आत फिरणाऱ्या या चाकाने तोंड फिरतं, जागा बदलत नाही. आणि प्रकाशाच्या दाबाचा पीळ शोषून शोषून चाकं कमाल वेगाला पोचली की त्यांचा वेग उतरवायलाही भूस्थिर उपग्रहात बहुधा थ्रस्टरच लागतो.

प्रश्न : उपग्रहाने आज्ञा ऐकणंच बंद केलं तर? आणि इंधन संपलेल्या उपग्रहात पुन्हा इंधन भरता येतं का?

पहिल्याचं उत्तर गॅलेक्सी-१५. एप्रिल २०१० मध्ये १३३ अंश पश्चिमेवरच्या या उपग्रहाने आज्ञा घेणं बंद केलं, पण प्रक्षेपण चालूच ठेवलं. थ्रस्टर गप्प, म्हणून तो निघाला पूर्वेला, १०५ अंशांच्या तळाकडे. वाटेतल्या प्रत्येक उपग्रहाच्या चालकाला आपला सिग्नल आणि आपली जागा सांभाळत बसावं लागलं. टक्कर झाली नाही. डिसेंबरमध्ये त्याची बॅटरी पूर्ण उतरली, संगणक नव्याने सुरू झाला आणि तो पुन्हा ताब्यात आला.

दुसऱ्याचं उत्तर : भूस्थिर कक्षेतल्या जुन्या उपग्रहांच्या टाक्या कक्षेत भरायच्या म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, झडपा जमिनीवरच बंद केलेल्या. त्यावर २०२० मध्ये एक झकास पळवाट निघाली. एमईव्ही-१ नावाचं यान २५ फेब्रुवारीला इंटेलसॅट-९०१ला मागून जाऊन चिकटलं. पकड कशाची? उपग्रहाच्याच मुख्य इंजिनाच्या नळकांड्याची. ते इंजिन २००१ मध्ये कक्षेत चढताना वापरून झालेलं होतं आणि नळकांडं भक्कम. टाकीला हात न लावता यानाने स्वतःच्या थ्रस्टरने दोघांना जागेवर ठेवायचं काम घेतलं. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलसॅट-९०१ला स्मशानकक्षेत सोडून एमईव्ही-१ त्याच्यापासून सुटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कामाला मोकळं झालं.